खाकीवर रायडिंग जॅकेट: वर्दी शिवणाऱ्याचा रिव्ह्यू

भाच्यासाठी घेतलेलं जाळीचं रायडिंग जॅकेट, हातमोजे आणि गुडघ्याचे गार्ड, या तीन वस्तूंबद्दल लिहितोय. भाचा परभणीत पोलीस अंमलदार आहे. ड्युटी बीट मार्शलची, म्हणजे गाडीवरून गस्त; दिवस असो की रात्र, बुडाखाली मोटरसायकल. मी शिंपी. दुकानात निम्म्याहून जास्त काम खाकीचं. गाडीच्या इंजिनातलं मला काही कळत नाही, मायलेज-पिकअप मला विचारू नका. पण कापड, शिवण, चेन आणि माप यातलं कळतं, आणि रायडिंग जॅकेट म्हणजे शेवटी शिवलेलं कापडच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. घेतल्यावर मी ते जागोजागी उसवून पुन्हा शिवलंय, आता माझ्या कात्रीचं खापर त्यांच्यावर फोडणं बरं दिसत नाही. भारतीय कंपनी आहे. जॅकेट साडेसात हजारांच्या आतबाहेर, हातमोजे दोन हजारांच्या आत, गुडघ्याचे गार्ड अडीच हजारांना. परभणीत मनासारखं मिळालं नाही, संभाजीनगरहून आणलं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, आपल्याकडं गल्लोगल्ली त्यांच्या गाड्या पळतात, पण गाडीवर बसणाऱ्याच्या अंगावर घालायचं काही धडाचं घ्यायचं म्हणलं की अजून दोनशे किलोमीटरची वारी करावी लागते.

हे सगळं घ्यायचं खूळ माझंच. भाचा नकोच म्हणत होता. पण फाटलेल्या वर्द्या त्याच्याकडं येत नाहीत, माझ्याकडं येतात. वर्दी रफूला आली की गडी कसा पडला ते मी न विचारता सांगतो. एकाच बाजूचं कोपर, गुडघा आणि कमरेखाली खिशाजवळ घासलेलं असलं तर गाडी घसरली. दोन्ही गुडघे गेलेत आणि छातीवरची बटणं तुटलीत, तर पुढून काहीतरी आडवं आलं: कुत्रं, रानडुक्कर, नाहीतर रोही, म्हणजे नीलगाय. उसाच्या दिवसात अंधारात उभ्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रेडियम. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला लागून काळी माती डांबरावर येते, ती ओली झाली की मोटरसायकलचं काही खरं नाही. तळहात मात्र माझ्या दुकानात येत नाहीत, ते दवाखान्यात जातात. वर्दी घेऊन घरचं माणूस येतं आणि सांगतं, दोन्ही हाताला पट्ट्या आहेत, घासपण भरवावा लागू लागलाय.

खाकी असते टेरिकॉटची, पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण. इस्त्री मोडत नाही, रंग धरून राहतो, रात्री धुतली की सकाळी वाळलेली. रोजच्या ड्युटीला याहून सोयीचं कापड नाही. पण आम्ही शिंपी लोक कापड ओळखायला त्याचा एक धागा काडीनं पेटवून बघतो. सुताची राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची काळी टणक गोळी होते. डांबरावर घासताना तेच होतं. कापड विरायला एक क्षण पुरतो, आणि उरलेलं पॉलिस्टर तापून कातडीला चिकटतं. एका हवालदाराच्या कोपरातून दवाखान्यात चिमट्यानं खाकीचे कण काढावे लागले होते. तो शर्ट मी बघितला. कोपराच्या जागी भोक, आणि भोकाच्या कडेनं मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या. मी बाही बदलून दिली, पण त्या गोळ्या बोटाला लागलेल्या अजून ध्यानात आहेत.

आता जॅकेट. माझ्या हातात आल्यावर मी पहिल्यांदा ते उलटं केलं. गिऱ्हाईक रंग बघतं, आपुन आतली शिवण बघायची. खांद्याचा जोड आणि बाहीचा मागचा जोड दुमडून डबल टीप मारलेला, धागा जाड नायलॉनचा, इंचाला आठ-नऊ टाके, एकसारखे. इथं पैकीच्या पैकी मार्क. छातीवर, पाठीवर आणि बाहीच्या आतल्या अंगाला जाळी आहे, खांदा आणि कोपर यांवर जाड कापड. म्हणजे पडल्यावर जिथं घासतं तिथं जाड आणि बाकी ठिकाणी हवा, हे कापणाऱ्यानं डोकं लावून केलंय. चेन दणकट आहे, दात मोठे, हातमोजा घालूनही ओढता येते. बगलेत मात्र जाळी आणि जाड कापडाचा जोड एकेरी टिपेवर सोडलाय. हात वर-खाली होऊन ताण तिथंच येतो. मी तिथं दुसरी टीप आणि आतून पट्टी मारली. अस्तराला पॅडचे खिसे जोडलेत तेही एकेरीच, तेही पक्के केले.

शिवणीवर मी एवढं का अडून बसलो, तर २०११ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांच्या जखमा आणि त्यांच्या अंगावरचे कपडे, दोन्ही तपासले. खास मोटरसायकलसाठीचं जॅकेट, पँट, हातमोजे घातलेल्यांना दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी आली, हे एक. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटलं: त्यातली जवळपास ३० टक्के जॅकेटं आणि चारातला एक हातमोजा पडताना फाटून-उसवून निकामी झाला होता. दुकानात भारी दिसणारा माल. म्हणून विकत घेताना दोन्ही हातांनी जोड ताणून बघा. टाक्यांच्या मधून उजेड दिसला तर ठेवून द्या, कितीही सूट असू द्या.

युरोपात या कपड्यांना ईएन १७०९२ नावाचं मानक आहे. त्यात एएए, एए, ए असे दर्जे असतात, कापड किती घासलं जाऊ शकतं आणि जोड किती ताण सोसतो यावरून. या तिघांत ए सगळ्यात हलका, शहरातल्या वापरासाठी आणि उन्हाळी मुलखासाठी. आमचं जॅकेट ए दर्जाचं आहे. जाळीचं म्हणलं की बहुतेक तेच मिळतं. एएए घ्यायला गेलो असतो तर जाड, जड आणि महाग, आणि मे महिन्यात ते खुंटीला लटकलं असतं.

आत खांद्याला आणि कोपराला पॅड आहेत, त्यावर सीई असा शिक्का, म्हणजे युरोपातल्या नियमांत बसल्याची खूण. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. पॅड खिशातून बाहेर काढा आणि त्याच्यावर कोरलेलं वाचा. मोटरसायकलवाल्याचं छोटं चित्र असतं, शेजारी अक्षर: एस म्हणजे खांदा, ई म्हणजे कोपर, के म्हणजे गुडघा, बी म्हणजे पाठ. मग १ किंवा २ आकडा. खांदा, कोपर, गुडघ्याच्या पॅडवर चाचणीत ५० ज्यूलचा ठोका मारतात आणि खाली किती जोर पोचला ते किलोन्यूटनमध्ये मोजतात, जितका कमी तितका पॅड चांगला. १ नंबरच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, २ नंबरच्या पॅडमधून २० च्या आतच पाहिजे. आमच्या जॅकेटमध्ये दोन्हीकडं १ नंबर निघाला. वाईट नाही, पण थोडे पैसे घालून २ नंबरचे पॅड वेगळे मिळतात आणि त्याच खिशात बसतात.

त्याच पॅडवर अजून एक खूण शोधायची असते, आपल्याकडं तर नक्कीच. टी आणि पुढं अधिकचं चिन्ह. त्याचा अर्थ हा पॅड ४० अंशांवर तापवूनही ठोका सोसून दाखवलाय. हे मऊ पॅड गरमीत जास्त मऊ पडतात, म्हणून ही वेगळी चाचणी असते, पण ती सक्तीची नाही. पॅड बनवणाऱ्यानं केली तरच खूण येते. परभणीत एप्रिल-मे मध्ये सावलीतला पारा ४२-४३ ला असतो, आणि ड्युटीवरची गाडी काही सावलीत उभी नसते. आमच्या पॅडवर ही खूण नव्हती. गाडीवर उन्हात ठेवलेल्या जॅकेटचा पॅड मी दाबून बघितला, अंगठा सहज आत जात होता. तेव्हाच ठरवलं, पुढचे पॅड खूण बघून घ्यायचे.

पाठीचं सांगायचं तर सरळ फसवणूक म्हणणार नाही, पण नजर चुकवलीये. पाठीच्या खिशात पॅड आहे असं वाटतं, हाताला लागतं, पण काढून बघितलं तर पांढऱ्या फोमचा तुकडा, गादीत भरतात तसला. त्याच्यावर कसलाच शिक्का नाही. या किमतीच्या बऱ्याच जॅकेटांत असंच असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. पाठीचा खरा पॅड वेगळा घ्यावा लागतो. तो घेऊन बसवला तेव्हा कुठं जॅकेट पुरं झालं. खर्च धरताना तो धरा.

इथपर्यंत जॅकेट चांगलंच म्हणीन. अडचण पुढं आहे. हे शिवलंय हौसेनं लांब फिरायला जाणाऱ्या पोरांसाठी, पोलिसासाठी नाही.

पहिल्याच दिवशी भाच्यानं घालून दाखवलं. गाडीवर बसला तेव्हा फक्कड. बाही कोपरात वाकवून कापलेली असते, हँडल धरलं की बरोबर बसते. मग मी त्याला खाली उतरवलं आणि म्हणलं, आता सलाम ठोक. हात वर गेला आणि जॅकेटचा घेर चार बोटं वर सरकला. पट्टा उघडा पडला, कॉलर गळ्यात रुतली. पोलिसाचा अर्धा दिवस गाडीवरून उतरून उभं राहण्यात, हात दाखवण्यात, वाकून कागद बघण्यात जातो. हौशी पोराला हे करावं लागत नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलावा, खोल आणि बगलेत कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, टाकलेली पाहिजे होती. ती मी टाकली, लवचिक कापडाची. आता हात पुरता वर जातो.

दुसरं, वर्दीच्या शर्टाला खांद्यावर पट्टी असते आणि त्याच्यावर पितळी बिल्ला. त्याच्यावर जॅकेट, आणि जॅकेटचा पॅड बरोबर बिल्ल्याच्या डोक्यावर. पडल्यावर ते पितळ गळपट्टीच्या हाडात घुसणार. छातीच्या खिशातलं पेन, शिट्टीची दोरी, नेमप्लेटची पिन, सगळं तसंच. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: जॅकेटच्या खाली टणक काहीही नको. भाच्याला मी गस्तीसाठी कापडी फितीचा शर्ट शिवून दिला आणि नेमप्लेटला जॅकेटच्या छातीवर वेल्क्रोची पट्टी लावली.

तिसरं, कमरेचा पट्टा. पिस्तूल, बेड्या, कधी वॉकीटॉकी. जॅकेटचा घेर खाली आला की हे सगळं झाकतं आणि गरजेला हात पोचत नाही. आखूड केला तर पडल्यावर कंबर उघडी. मी दोन्ही बाजूंना वीतभर चिरून उलट्या चेन बसवल्या. गाडीवर असताना बंद, उतरलं की उघडायच्या. वॉकीटॉकीला डाव्या छातीवर लूप. पाठीवर रेडियमच्या कापडात ‘पोलीस’, अक्षर वीतभर उंच.

हे शेवटचं काम आधीच करायला पाहिजे होतं असं भाचा म्हणतो. त्याच्या आधी वसमत रोडला एका घरासमोर गाडी लावली तर आतून बाई पैसे घेऊन बाहेर आली, “पार्सल का भाऊ?” म्हणत. वर्दी झाकली की पोलीस ओळखू येत नाही ही तक्रार वरचे अधिकारीही करतात, आणि ती खोटी नाही. भांडण सोडवायला गेलेला माणूस पोलीस आहे हे लांबून दिसलंच पाहिजे. पण त्याचं उत्तर जॅकेट काढणं नाही. जॅकेटच वर्दी करा. एकेकाळी हवालदाराला हाफ पँट होती, ती गेली तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही.

ठाण्यातले लोक हसले. “काय रे, लडाखला निघालास का?” हे तर रोजचं झालं. एकानं विचारलं, “कामून एवढं भ्यायलास?” भाचा तसा गप्प बसणारा नाही, पण इथं गप्प बसला, आणि पुढच्या पंधरवड्यात हसणाऱ्यांतलाच एकजण माझ्या दुकानात हातमोज्यांचं विचारायला आला. त्याचं नाव सांगत नाही, त्याला लाज वाटंल.

गरमीचं लपवत नाही. चालू गाडीवर जाळीतून वारा लागतो आणि घाम वाळतो तोवर ठीक. थांबलं की भट्टी. दुपारच्या नाकाबंदीला अंगात घालून उभं राहणं शक्य नाही, भाचा उतरला की काढून टाकीवर टाकतो, आणि ते बरोबरच आहे. उभ्या माणसाला त्याची गरज नाही. पण एक गैरसमज असतो की उन्हात उघड्या हातांनी गाडी चालवली की गार वाटतं. हवा अंगापेक्षा गरम असली, म्हणजे ४२-४३ असली, की ती अंगावर जोरात आदळून अंग तापवतेच आणि घाम लागायच्या आत उडवून नेते. माणूस आतून सुकतो, त्याला कळतही नाही. बाह्या झाकलेल्या बऱ्या. सुती बनियन पाण्यात पिळून घालायचं, वर शर्ट, वर जाळीचं जॅकेट. ओलं आहे तोवर फ्रीजमध्ये बसल्यागत वाटतं असं भाचा म्हणतो. मग परत भिजवायचं. बाटली मात्र सोबत पाहिजेच. थंडीत उलटं: परभणीची थंडी ज्यानं बघितली नाही त्याला वाटतं इथं फक्त ऊन असतं. डिसेंबरात रात्रगस्तीला जाळी नुसती असून उपयोग नाही, आतलं वाऱ्याचं अस्तर चेनीनं जोडावं लागतं. ते सोबत आलंय आणि चांगलं आहे. पावसाचं अस्तरही आलंय, ते मात्र आत घालायचं असल्यानं जॅकेट भिजून ओझं होतं. वरून साधा रेनकोट बरा.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. तर जर्मनीत मोटरसायकलवरचा पोलीस डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक सूटमध्ये असतो: पॅड लावलेलं जॅकेट, तसलीच पँट, घोट्याच्या वर जाणारे बूट, हातमोजे, तोंडावरून वर उचलता येणारं हेल्मेट. तोच त्याचा गणवेश, आणि तो सरकार देतं. भारतातल्या परभणीत खाकी टेरिकॉट आणि तपकिरी बूट. पण सगळा दोष गरिबीचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांतले मोटरसायकलवाले उन्हाळ्यात अर्ध्या बाहीच्या शर्टात गाडी चालवतात, पायात मात्र गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट. रुबाबाचा नाद तिकडंही आहेच.

हातमोज्यांवर जास्त लिहितो, कारण तिन्हींतली सगळ्यात वसूल वस्तू तीच. पडणारा माणूस हात टेकतो. शिकवून येत नाही आणि शिकवून जातही नाही. रस्ता तळव्याच्या मांसल भागाला धरतो आणि सगळं वजन मनगटात जातं. या हातमोज्यांना तळव्याच्या टाचेवर प्लास्टिकची गुळगुळीत चकती आहे. ती डांबराला अडकत नाही, घसरते, त्यामुळं मनगट वाचतं. बोटांच्या गाठींवर टणक कवच, मनगटाला पट्टा. हा पट्टा आवळलाच पाहिजे, नाहीतर हातमोजा हातातून निघून जातो आणि हात तसाच राहतो.

याची परीक्षा जिंतूर रोडला झाली. ट्रॅक्टरनं आणलेली माती, वर पावसाचा शिडकावा, वेग फारसा नाही, वळणावर पुढचं चाक गेलं. भाचा डाव्या अंगावर घसरत गेला. घरी आल्यावर मामीच्या हातचा चहा पीत बसला तेव्हा मी हातमोजे बघायला घेतले. डाव्या चकतीवर चार रेघा, मधली एवढी खोल की नख अडकत होतं. त्याच्या खाली चामडं पांढरं पडलेलं, पण टाका एक तुटलेला नाही. जॅकेटच्या कोपराचं जाड कापड खरवडलेलं, आतला पॅड जागेवर. तळहात लालसुद्धा नव्हता. खांदा दोन दिवस ठणकला, ते होणारच. जॅकेट कातडी वाचवतं, ठोका कमी करतं. समोरून ट्रक आला तर त्यात काही नाही, आणि हाड मोडायचं असलं तर मोडतं. असल्या कपड्यांकडून याहून जास्तीची आशा कुणी दाखवली तर तो विकणारा आहे असं समजा.

हातमोज्यांची एक खोट: दंडाचं चलन फाडायच्या मशीनचा पडदा हातमोज्यातल्या बोटाला ओळखत नाही. तर्जनीच्या टोकाला टच चालेल असं कापड आहे म्हणतात, चालतं कधी, कधी नाही. भाचा मशीन वापरताना उजवा हातमोजा काढतो आणि एकदा तो टपरीवर विसरून आला होता. मी दोन्हींना लूप लावून पट्ट्याला अडकवायची सोय केली.

गुडघ्याच्या गार्डबद्दल मन खट्टू आहे. पॅड उत्तम, २ नंबरचा, पण बाहेरून दोन पट्ट्यांनी बांधायचा. चालू गाडीवर जागेवर राहतो. उतरून चार पावलं पळालं की खाली सरकून नडगीवर येतो. चोराच्या मागं धावताना पोलिसाच्या नडगीवर काळे डबे लटकताहेत, हे बघून चोरच थांबंल. वरच्या पट्टीचा वेल्क्रो धुळीनं भरला आणि सैल पडला. आपल्याकडची काळी धूळ वेल्क्रोची वैरी, दात घासायच्या जुन्या ब्रशनं दर आठवड्याला झाडावा लागतो. पडला त्या दिवशी भाच्याच्या पायात गार्ड नव्हते, कंटाळून घरी ठेवले होते, आणि डावा गुडघा तेवढा सोलला. पँट माझ्याकडंच आली.

हेल्मेटवर वेगळं लिहायला नको, ते कायद्यानंच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पोलिसाला सूट नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. पोलिसांमध्ये अडतं ते एवढंच की अर्धं हेल्मेट आवडतं, कारण शिट्टी वाजवता येते, बोलता येतं. जर्मनीत हॅनोव्हरला तपासलेल्या अपघातांत हेल्मेटला बसलेल्या माराचा साधारण तिसरा हिस्सा हनुवटीच्या भागावर निघाला होता, आणि अर्ध्या हेल्मेटला तिथं काही नसतं. पुढून वर उचलता येणारं घ्या, आयएसआय खूण बघून. शिट्टी, चहा, बोलणं सगळं होतं.

आता पैशाचं. जॅकेट, पाठीचा पॅड, हातमोजे, गुडघे मिळून बारा-तेरा हजार गेले. अंमलदाराच्या पगारातून हे हौसेनं कुणी करणार नाही, आणि करायला लागू नये. गाडी सरकारची, पेट्रोल सरकारचं, घसरतो तो रस्ताही सरकारचा. मग कातडी तेवढी खाजगी का? मला विचारलं तर खात्यानं सगळं एकदम द्यायच्या नादाला लागू नये, नाहीतर एखाद्या ठेकेदाराकडून सगळ्यांना एकाच मापाची जाड जॅकेटं येतील आणि ती गोदामात पडतील. बीट मार्शल, दामिनी पथक (बायका-मुलींच्या सुरक्षेसाठीचं महिला पोलिसांचं पथक) आणि महामार्गावरच्या लोकांना आधी हातमोजे द्या. मग गुडघे. जॅकेट त्याच्या मागून, आणि ते द्यायच्या आधी ते घालून कुणालातरी सलाम ठोकायला लावा, पट्ट्यातून पिस्तूल काढायला लावा, मे महिन्यात दुपारी जिंतूर नाक्यावर उभं करा. दामिनी पथकातल्या पोरींचं माप वेगळं घ्या, पुरुषांच्या मापाचं आखूड करून देऊ नका. त्यात पॅड खांद्यावरून दंडावर येतो आणि काही उपयोगाचा राहत नाही.

गुडघ्याच्या कंटाळ्यावर मी एक उपाय केलाय आणि तो चाललाय. खाकी पँटच्या आतून गुडघ्याला खिसा लावायचा, वरून उघडा, त्यात तोच २ नंबरचा पॅड सरकवायचा. पट्ट्या नकोत, घसरणं नाही, बाहेरून दिसत नाही, धुताना काढता येतो. खिसा गुडघ्याच्या बरोबर समोर नाही लावायचा. माणूस गाडीवर बसला की पँट वर चढते, म्हणून दोन बोटं खाली लावायचा. माप घेताना गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून घेतो, उभं करून नाही. गुडघ्यावर बाहेरून खाकीच्याच रंगाचं जाड कॅनव्हास दुहेरी. ही काही मानकात बसलेली पँट नव्हे, हे प्रत्येकाला सांगून देतो. खिसा लावायची शिलाई पँटमागं तीनशे रुपये, पॅड तुमचे तुम्ही आणा. फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीच्या पंधरवड्यात येऊ नका, तेव्हा परेडच्या वर्द्यांनी कटिंगचं टेबल भरलेलं असतं.